ओळीबाहेरचा खांब

१६ जानेवारी, गुरुवार

आज सुटी. चाकणच्या कंपन्यांचा रविवार गुरुवारी येतो, त्यामुळे जग कामावर असताना आम्ही घरी, आणि जग घरी असताना आम्ही कामावर. कंपनीत सांगतात, प्रोजेक्ट सुरू झाला की रोजची नोंद ठेवा, म्हणजे पुढे चूक कुणाची ते कळतं. आमच्या घरात चूक कुणाची ते आधीच ठरलेलं असतं, तरी लिहितोय.

प्रोजेक्ट असा: घरामागे लाकडी डेक. आमच्या प्लँट हेडच्या बंगल्यामागे तसा आहे. दिवाळीनंतर त्यांनी सगळ्या सुपरवायझरांना चहाला बोलावलं होतं. पायाखाली लाकूड, समोर हिरवळ, वेताच्या खुर्च्या. आमच्या मागे हिरवळ नाही, मेथीचे वाफे आहेत आणि त्यापलीकडे गोडाऊनचे पत्रे. पण लाकूड तर येऊ शकतं. मी तिथेच साहेबांना बोलून बसलो, मार्चच्या पहिल्या गुरुवारी आमच्याकडे गावरान मटण, आमच्या डेकवर. साहेबांनी लगेच फोनमध्ये नोंदवून घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रात्री जेवताना जाहीर केलं. आई म्हणाली, "मळ्यात मचान असतंय, घरामागं कशापायी?" दिपालीने, म्हणजे माझ्या बायकोने विचारलं, "अहो, पुसणार कोण?" आक्काने ताटात भाकरी वाढली आणि आत गेली.

१९ जानेवारी, रविवार

पहिल्या पाळीवरून आलो तेव्हा दौलतराव येऊन बसले होते. हे आमच्या कंपनीला पॅकिंगचे खोके पुरवतात. मूळचे बीडकडचे, चाकणला शेड आहे, मोशीत फ्लॅट. बायको वारून बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन संभाजीनगरला. परदेशातून मशिनी ज्या पाईनच्या मोठ्या खोक्यांतून येतात, ती खोकी विकत घेऊन हे त्यांच्या फळ्या काढतात. डेकला तेच लाकूड वापरायचं ठरलंय. मी क्वालिटीत असल्यामुळे या माणसाचे खोके कितीतरी वेळा रिजेक्ट केलेत, पण तो प्रत्येक वेळी हसतो. अशा माणसावर रागावणंसुद्धा कठीण.

टेप लावला, चहा प्याले, परत टेप लावला. मी म्हटलं, उद्यापासून सुरू करा. तर आई ओट्यावरून ओरडली, "पौष हाय. पौषात खिळासुदिक ठोकायचा न्हाई."

दौलतराव लगेच म्हणाले, "आईंचं बरोबर आहे साहेब. घाई कामून करता?"

ऑर्डर मी दिली आणि ऐकणार आईचं. धन्य आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

दौलतराव आज पुन्हा मापं घ्यायला आले. जागा काय रबराची आहे? आणि येताना डेकची एक फळी आणली नाही, पण पाईनचं एक सुंदर फडताळ घेऊन आले. म्हणाले, त्या दिवशी चहा पिताना दिसलं, आक्कांच्या मसाल्याच्या बरण्या खाली फरशीवर असतात, वाकावं लागतं. मग ते कुठे लावायचं यावर स्वयंपाकघरात अर्धी दुपार खल झाला. थोडं वर, थोडं खाली, जरा डावीकडे. आत हसण्याचे आवाज. मी बाहेर मेथीच्या वाफ्यात एकटा उभा, हातात डेकचा नकाशा.

भिंतीत खिळे ठोकले ते वेगळंच. पौषाची आठवण तेव्हा आईला झाली नाही.

आक्काबद्दल लिहायचं राहिलंच. आक्का म्हणजे कस्तुरा, माझी थोरली बहीण. हायवेवरच्या अपघातात दाजी गेले तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, आमच्याकडेच आहे. मूलबाळ नाही. आईची औषधं, माझ्या मुलीची, संस्कृतीची वेणी, माझा डबा, सगळं तीच बघते. ती आहे म्हणून हे घर चालतं, हे मी पाहुण्यांसमोरही मोकळेपणाने सांगतो. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या दुर्गाबाई तिच्यासाठी एक स्थळ घेऊन आल्या होत्या. मी तोंडावर सांगितलं, आमची बहीण आम्हाला जड नाही. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं होतं, पण मी काही बोललो नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

सुटलो एकदाचा! पौष संपला, वसंत पंचमी उजाडली आणि पहिला खांब उभा राहिला. मी कामावरून आलो तेव्हा दुर्गाबाई आणि गल्लीतल्या आणखी बायका नारळाचा प्रसाद खात बाहेर पडत होत्या. खांबाला आंब्याचा टहाळा, हळदीकुंकू, पिवळ्या फडक्यात बांधलेली सुपारी. आई म्हणाली, "पूजा केली." मला खरंच बरं वाटलं. खंडेनवमीला आम्ही लेथला हार घालतो, मग डेकच्या खांबाने काय घोडं मारलंय? दिपाली मात्र माझ्याकडे बघायचं टाळत होती. आक्का आत होती, बाहेर आलीच नाही.

फोटो काढून साहेबांना पाठवला. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसलाही टाकला. वर लिहिलं, "आमच्याकडे शुभारंभ."

६ फेब्रुवारी, गुरुवार

खांब ओळीत नाही! बाकीचे तीन खांब सुताला लागून आहेत, आणि पूजेचा हा वीतभर बाहेर. आंधळ्यालाही दिसेल. दौलतरावांना फोन केला. म्हणाले, "मी सुतावरच खड्डा घेत होतो साहेब. आईंनी पाय आपटून दाखवलं, हितंच. मग काय करायचं?"

"डेक कुणाचा आहे?"

"तुमचाच की."

मी म्हटलं, काढा आणि ओळीत घ्या. तर आई खुर्ची घेऊन खांबाला टेकून बसली. "त्यो हलवायचा न्हाई. मेढ हाय ती. एकदा मेढ रोवली की लगीन लागूस्तवर हलवत न्हाईत."

"कुणाचं लगीन?"

"व्हईल की कुनाचं तरी."

लग्नाचं घरात आहे कोण? संस्कृती सातवीत आहे. म्हातारपणी माणसाचा गोंधळ होतो ते मान्य, पण नेमका माझ्या खांबावरच का व्हावा? लग्नाच्या मांडवाची मेढ आणि डेकचा खांब यात तिला फरक कळेना. आणि दिपाली म्हणते, "राहू द्या ना, आईंच्या मनासारखं होऊ द्या." तिला लेव्हल म्हणजे काय हे कधी कळलंच नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर फोन. सगळ्या भावकीने ते स्टेटस बघितलंय. मेढ बघितली, शुभारंभ वाचला, आणि एकेकाचा रुसवा सुरू. कामावर फोन घेता येत नाही, जेवणाच्या सुटीत बघितलं तर सोनबामामाचेच सगळ्यात जास्त कॉल.

"स्टेटसला मेढ टाकतोस आन् मामाला पत्त्या न्हाई? मामाच्या मानाचं काय?"

"मामा, डेक आहे तो. घरामागे बसायला."

"आन् पोरगी सातवीत रं! लाज वाटत न्हाई व्हय? म्या पोलिसात जाईन, सांगून ठेवतो."

माझ्यावर बालविवाहाची केस करायला सख्खा मामा निघालाय, तेही एका खांबापायी. फोन ठेवला तर लाइनवरचा एक जण विचारतो, "साहेब, पत्रिका कधी?"

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आईला संत तुकाराम नगरला एका मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. आक्का म्हणत होती, कशाला, तिला काही झालेलं नाही. पण जबाबदारी माझी. तरुण डॉक्टर. त्यांनी वार विचारला, आईने वार सांगितला, वर तिथी सांगितली. सातचा पाढा उलटा म्हणून दाखवला. मी म्हटलं, डॉक्टर, हिला वाटतं घरात लग्न आहे.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, घरात लग्न आहे का?"

"हाय की."

"कुणाचं?"

आई त्यांच्याकडे वाकून हळू म्हणाली, "ह्याला भाईर बसवा, मंग सांगते."

मला बाहेर बसवलं. दहा मिनिटांनी दोघं हसत बाहेर आले. डॉक्टर म्हणाले, "आजींची तब्येत उत्तम आहे, काळजी करू नका." आणि माझ्या खांद्यावर असा हात ठेवला, जसा आम्ही नव्या ट्रेनीच्या ठेवतो. म्हातारीने डॉक्टरलाही गुंडाळला. परत येताना नाशिक फाट्याला अडकलो आणि ती मागच्या सीटवर मजेत पेरू खात होती.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तसं माझ्या डेकचं झालंय. दौलतराव म्हणतात, मेढ सोडून बाकीचं करतो. करतात म्हणजे काय, येतात, दोन फळ्या बसवतात, त्याला रंधा मारतात, आक्काच्या हातची भाकरी खातात, आणि आभाळाकडे बघत बसतात. खोके बनवताना हाच माणूस तासाला ढीग लावतो, मी स्वतः पाहिलंय. माझ्या घरीच काय त्याच्या हातात शिसं भरतं? मी आज आवाज चढवला. तो म्हणाला, "काम संपल्यावर यायला कारण राहत नाही साहेब." वर हसला. पुढचं काम मिळवायची ही वेगळीच तऱ्हा. मी म्हटलं, संपवा, नाहीतर कंपनीतलं कामही जाईल.

आक्काने मोरपंखी साडी घेतली. साहेब येणार म्हणून घेतली असावी. या घरात माझ्या डेकची थोडी तरी किंमत असलेलं माणूस म्हणजे तीच.

२० फेब्रुवारी, गुरुवार



दुपारी आई झोपली होती. मी ठरवलं, आता बास. पहार घेतली आणि खांबाच्या बुडाशी खणायला लागलो. मागून आक्का म्हणाली, "थांब, गोरख."

मी म्हटलं, आईला उठवू नकोस, एका तासात ओळीत घेतो.

"ती मेढ माजी हाय."

मला वाटलं हिलाही लागण झाली. म्हटलं, तुझी म्हणजे?

"माज्या लग्नाची. दौलतरावांशी." मग म्हणाली, "तुला खरंच कळलं न्हाई?"

मी काय बोललो ते लिहायला नको, पण लिहितो. मी म्हणालो, या वयात? मी म्हणालो, लोक तोंडात शेण घालतील. म्हणतील, बहीण जड झाली म्हणून खोकेवाल्याच्या गळ्यात बांधली. आक्का माझं सगळं बोलणं संपेपर्यंत थांबली. आमच्या घरात असं दुसरं कुणी थांबत नाही.

मग म्हणाली, "मी तुला जड न्हाई, हे तू सगळ्या गावाला सांगतोस. मला एकदा तरी विचारलंस का? मला जड झालंय, गोरख. तुजं घर चांगलं हाय, मला काय कमी न्हाई. पन मी हितं पाहुनीच हाय, आन् पाहुनीला एवढं काम नसतं."

मी पहार जमिनीला टेकवली.

"आई म्हनली, त्याला सांगितलं तर तो दुर्गाबाईला बोलला तसं बोलंल. म्हनून आधी मेढ रोवली. आता तुला काढायची तर काढ. पहार तुज्याच हातात हाय." आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली.

मी खांब काढला नाही. ठेवलाही नाही म्हणायला हरकत नाही, बुडाशी अर्धा खड्डा तसाच आहे.

संध्याकाळी आईवर ओरडलो. म्हटलं, पूर्वी आपल्यात विधवेचा पाट लागायचाच ना, गुपचूप उरकायचं होतं, एवढं नाटक कशाला? आई पहिल्यांदाच चिडली. "माज्या बहिनीचा पाट लावला व्हता. रातच्याला, अंधारात, गोठ्यामागं. कुनी तोंड बघू नये म्हनून दिवा इझवला व्हता. ती जलमभर तसंच तोंड लपवून नांदली. माज्या लेकीचं उजेडात व्हनार. मेढ रोवून, मांडवात. तू नगं म्हन, न्हाईतर व्हय म्हन. पन चोरून न्हाई."

दिपालीला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "अहो, फडताळाच्या दिवसापासून."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कामात लक्ष लागेना. एक चांगला पार्ट रिजेक्ट केला आणि एक खराब पास केला.

या लग्नाविरुद्धचे मुद्दे काढायला बसलो. आईच्या गोळ्या कोण देणार? संस्कृतीला शाळेत कोण सोडणार? माझ्या डब्याचं काय? दिपालीचं शिवणकाम आत्ता कुठे सुरू झालंय, तिला झेपेल का? लिहून झाल्यावर वाचलं. आक्काविषयी त्यात एक शब्द नव्हता. मला स्वतःचीच चीड आली आणि ती चीड कुणावर काढावी ते कळेना, म्हणून दौलतरावांवर काढायचं ठरवलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

पाळी सुटल्यावर सरळ शेडवर गेलो. दौलतराव खोक्याला पट्ट्या ठोकत होते. मला बघून हातोडी खाली ठेवली आणि उभेच राहिले. हसले नाहीत. हा माणूस न हसता कसा दिसतो ते मी पहिल्यांदाच बघितलं. बराच म्हातारा दिसतो.

मी म्हटलं, माझ्या घरी येऊन, माझा चहा पिऊन, हे धंदे?

ते म्हणाले, "साहेब, तुमचा रिजेक्ट मला नवा नाही. पण तुम्ही प्रत्येक वेळी कारण लिहून देता. या वेळीही द्या. सुधारता आलं तर सुधारतो."

मी कारण शोधायला लागलो. खरंच शोधलं. दारू नाही. देणं नाही. घर स्वतःचं. मुलीला विचारलंय, तीच पुढाकार घेतेय. आक्काने मसाल्याच्या बरण्यांसाठी वाकू नये हे मला अकरा वर्षांत सुचलं नाही, याला एका चहात दिसलं. मी शेवटी म्हटलं, "तुमचं काम फार संथ आहे."

"ते तुमच्याच घरी," ते म्हणाले.

मी तिथून निघालो. तळवडे चौकात सिग्नल दोनदा हिरवा झाला तरी मी गाडी हलवली नाही, मागचे शिव्या द्यायला लागले.

घरी येऊन खड्ड्यात माती लोटली आणि पायाने दाबली. आई खिडकीतून बघत होती. म्हणाली, "पानी मार वरून, घट्ट बसतंय."

६ मार्च, गुरुवार

लग्न लागलं. अर्ध्या डेकवर, कारण बाकी अर्ध्या डेकच्या फळ्या अजून यायच्याच आहेत. पुरवठादार नवरदेव असला की कुणाकडे तक्रार करणार? वर मंडप, खाली पाईन, एका कोपऱ्यात ओळीबाहेरचा खांब. आक्का मोरपंखी साडीत होती. सकाळचं ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं आणि आई कुणाला पडदा ओढू देत नव्हती.

सोनबामामा मानाचा फेटा बांधून पहिल्या रांगेत. साहेबही वेळेवर आले, जेवायला म्हणून. त्यांना वाटलं डेक खास लग्नासाठीच बांधला. म्हणाले, "गोरख, प्लॅनिंग असावं तर असं." मी हो म्हटलं.

मग गुरुजी म्हणाले, "नवरीचा भाऊ कुठाय? कान पिळायला या."

मी हे विसरलोच होतो. आक्काच्या पहिल्या लग्नात मी लहान होतो, चुलत्याने मला उचलून धरलं होतं. आता मी बेचाळीसचा आणि नवरदेव पन्नाशीचे. सगळे हसायला लागले. मी दौलतरावांचा कान धरला आणि पिळला, चांगला पिळला. पौषाचा, फडताळाचा, खांबाचा, मामाच्या पोलिसांचा, सगळा हिशोब त्यात होता. ते ओरडले, "आई गं!"

मामा म्हणाले, "सोडू नगंस! आधी काय पायजे ते मागून घे. डेक पुरा करून माग!" सगळे हसले. साहेबही हसले.

मी तेच मागणार होतो. खरंच सांगतो, तोंडात तेच होतं. पण समोर आक्का होती आणि मला एकदम तिची पहाट आठवली. माझी पहिली पाळी असली की ती चारला उठते. भाकरी थापल्याचा आवाज येतो, मी कूस बदलतो, आणि उठतो तेव्हा डबा भरून तयार असतो. अकरा वर्षांत तिला उठलेली सगळ्यांनी बघितलंय, झोपलेली मी कधी बघितलीच नाही.

मी म्हटलं, "हिला सकाळी झोपू द्या. उशिरापर्यंत."

हसणं थांबलं. गुरुजीही थांबले. दौलतराव म्हणाले, "बरं."  आक्का माझ्याकडे बघत राहिली, मग मुंडावळ्यांसकट तिने मान फिरवली आणि आईच्या खांद्यात तोंड खुपसून रडायला लागली, एवढ्या मोठ्याने की मंडपवालाही हात थांबवून बघायला लागला. मला काही दिसेना. मामा मागून कुजबुजले, "आरं सोड आता त्येला," तेव्हा लक्षात आलं, दौलतरावांचा कान अजून माझ्या हातातच होता.